सव्वीस नंबरचा फेरपाठ

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी, पाचवी ब च्या वर्गात, अडतीस मुलांसमोर, माझ्या हातातला खडू काढून घेण्यात आला.

वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. त्या वर्गात फळ्याच्या वर घड्याळ आहे आणि शाळेत पोचल्या पोचल्या मी ते माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं. एकोणचाळीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेल्या बाईला एवढी खोड असतेच. आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख, वेळ, क्रमांक. मग कागद हरवला तरी तो कोणाच्या टेबलावर हरवला ते सांगता येतं.

खडू घेणारे गृहस्थ आमच्या अध्यापक विद्यालयातले मार्गदर्शक. वय चौतीस, म्हणजे माझ्या मुलीहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्या बाहीवरची घडी पाहून पहिल्याच दिवशी मी मनात त्यांचं नाव इस्त्री सर ठेवलं. ते मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले होते. उठले, सावकाश पुढे आले, "बाई, तुम्ही बसा जरा," म्हणाले आणि खडू घेतला. ओढला नाही. ओढला असता तर मी धरून ठेवला असता. आजारी माणसाच्या हातातला कप काढून घ्यावा तसा घेतला.

मग वर्गात उभ्या असलेल्या एका मुलीलाही त्यांनी बसायला सांगितलं आणि उरलेला पाठ स्वतः घेतला. माझा पाठ, माझे ओले रुमाल, माझा तक्ता. मी मागे दहा वर्षांच्या मुलांच्या बाकावर गुडघे तिरपे करून बसून राहिले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

शेरा असा: 'फेरपाठ. विद्यार्थिनीस चौदा मिनिटे उभे ठेवले. वर्गाचे वातावरण बिघडले.' चौदा मिनिटं साफ खोटं आहे. सहा. फार तर सहा.

फेरपाठ म्हणजे हाच पाठ पुन्हा द्यायचा. तोही बिघडला तर प्रशिक्षण संपलं. बाकीची पोरं पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेऊ शकतात. मला वयाची सवलत एकदाच मिळाली आहे.

हे प्रकरण मी तोंडी मिटू देणार नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

विद्यालयात गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. तसं ते दुखतही होतं.

काल ह्यांना काही सांगितलं नव्हतं. आज चहा घेताना सांगितलं. ह्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. बोलणंही तसंच, बारीक टोकाच्या पेनाने, कडेकडेने.

"खडू घेतला म्हणजे?"

"घेतला म्हणजे घेतला. हातातून."

"त्यांचा होता की तुझा?"

"अहो, खडू कोणाचा हा प्रश्न आहे का?"

"नाही, तू स्वतःचा नेतेस म्हणून विचारलं." पेपरची घडी बदलली. "ती मुलगी कशाला उभी होती?"

"प्रश्न विचारला होता मी."

"मग दिलं नाही का उत्तर?"

"नाही."

"काहीच बोलली नाही?"

"काही विशेष नाही."

पेपर वर गेला. ह्यांचा पेपर वर गेला की समजावं, माणसाला जे हवं होतं ते मिळालं.

दुपारी प्राचार्यांना द्यायच्या पत्राचा कच्चा मसुदा केला. मुद्दा एक, चालू पाठात प्रशिक्षणार्थीच्या हातातून खडू घेण्याचा अधिकार कोणत्या नियमान्वये. मुद्दा दोन, चौदा मिनिटांना आधार काय. मुद्दा तीन, शेरा रद्द करावा. लिहिताना हात जरा हलका झाला. मला भांडता येतं ते कागदावरच. तोंडाने भांडले की लोक म्हणतात, बाईची जीभ फार तिखट आहे. कागदाला तसं म्हणता येत नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं.

एकोणिसाव्या वर्षी ह्याच अभ्यासक्रमाला माझी निवड झाली होती. यादीत सातवी होते. वडील अंथरुणाला खिळले, धाकट्या भावाची शाळा व्हायची होती, आणि एका ओळखीच्यांनी कार्यालयात चिकटवून दिलं. यादी आईने कपाटात जपून ठेवली होती, साड्यांखाली. तिच्या पश्चात मला ती सापडली. निवृत्त झाल्यावर चार वर्षं मी कपाट उघडायची आणि बंद करायची. नंतर वयाची अट सैल झाल्याचं वाचलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

माझ्या बाकावर एक बावीस वर्षांची मुलगी बसते. सतत पेन चावते, म्हणून चावरी. ती मला मावशी म्हणते. नको म्हटलं तर आजी म्हणेल या भीतीने मी चालवून घेते.

"मावशी, एक विचारू? रागावू नका."

"रागावायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"चिठ्ठी नसलेलीला कशाला विचारलंत तुम्ही?"

म्हणजे अख्ख्या विद्यालयाला कळलं आहे. तेव्हा वहीपासून तरी कशाला लपवायचं. मंगळवारच्या नोंदीत मी एक वाक्य गाळलं आहे. ते आज लिहिते, पण सगळं सुरुवातीपासून.

पाचवी ब हा सरावाचा वर्ग. दर वर्षी सप्टेंबरात आम्ही प्रशिक्षणार्थी पाळीपाळीने त्या मुलांवर पाठ देतो. 'वर' हा शब्द माझा नाही, इथे असंच म्हणतात. 'पाणी जातं कुठे' हा पाठ त्या मुलांनी या महिन्यात माझ्याआधी चार वेळा ऐकला होता. पाण्याची वाफ कशी होते हे आता ती मुलंच आम्हाला शिकवतील. सोमवारी मी वर्गात रंगीत तालीम घेत होते, तर पहिल्या बाकावरचा एक जण कुजबुजला, "बाई, आता रुमाल झटकायचा असतो." मी झटकला. मुलांनी शिस्तीत आश्चर्य व्यक्त केलं.

या तालमीला शाळेत 'पाठ मुरवणं' म्हणतात. वर्गशिक्षिकेनेच मला सांगितलं. ती बाई सराव महिन्यात शिक्षकांच्या खोलीत पाय पसरून स्वेटर विणते.

"मॅडम, आदल्या दिवशी पाठ मुरवून घ्या. बारा चिठ्ठ्या करायच्या. चिठ्ठीवर हजेरी क्रमांक, प्रश्न आणि उत्तर. ज्याची चिठ्ठी त्याने हात वर करायचा. पाठ संपला की मुलं चिठ्ठ्या परत देतात, मोजून घ्या."

"आणि उरलेली सव्वीस मुलं?"

"ती शांत बसतात. शहाणी आहेत हो."

मी नाक मुरडलं. पण चिठ्ठ्या केल्या, तेही लिहून ठेवते. माझ्या अक्षरात, मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी वळण दिलेल्या, कार्यालयात ज्याची वाखाणणी होत असे त्या अक्षरात, बारा चिठ्ठ्या. वर्गशिक्षिका म्हणाली, इतक्या सुवाच्य चिठ्ठ्या या शाळेत कधी आल्या नाहीत.

मंगळवारी पाठ असा चालला जसा घरातला नळ. उघडला की उत्तर. मागे इस्त्री सर खुशीत लिहीत होते. आणि अर्ध्या पाठात मला माझीच किळस आली. हा पाठ माझा नव्हता, त्या बारा चिठ्ठ्यांचा होता. मला एक खरं उत्तर हवं होतं. एकच. खिडकीकडच्या ओळीत एक मुलगी होती, हात कधी वर न करणारी, पण डोळे सतत माझ्या रुमालांवर. हजेरी क्रमांक सव्वीस. मी विचारलं, "तू सांग. दोन्ही रुमाल सारखेच भिजवले, मग घडी घातलेला अजून ओला का?"

ती उठली. मग म्हणाली, "बाई, मला चिठ्ठी दिली नाही तुम्ही."

हेच ते गाळलेलं वाक्य. त्यात उद्धटपणा नव्हता. वही मिळाली नाही हे सांगावं तसं तिने सांगितलं. वर्ग हसला असता तर मी निभावून नेलं असतं. वर्ग हसला नाही. सदतीस मुलं माझ्याकडे काळजीने बघत राहिली, एखाद्या सहकाऱ्याची चूक साहेबांसमोर उघडी पडल्यासारखी.

मी म्हटलं, "चिठ्ठी नको. डोकं वापर. उत्तर दिल्याशिवाय बसायचं नाही." आणि पाठ पुढे नेला. ती उभी राहिली. चिठ्ठीवाल्यांची उत्तरं तिच्या डोक्यावरून येत राहिली.

चावरीला मी एवढंच म्हटलं, "मुलीला उत्तर येत होतं. मला दिसत होतं."

"मग तर उलट वाईट," ती म्हणाली आणि पेन पुन्हा तोंडात घातलं. या मुलीला बोलायचं काही वळण नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

मुलीचा फोन आला. ती दूर राहते, रविवारी फोन करते, आणि दहा मिनिटं झाली की तिच्याकडे कोणीतरी दारावरची घंटा वाजवतं. आज मीच सगळं सांगितलं. निदान पोटच्या पोरीला तरी चीड येईल असं वाटलं.

"किती वेळ उभी होती ती?"

"तूही तेच विचार. सहा मिनिटं."

"आणि ते चौदा म्हणतात."

"त्यांना शेरा सजवायचा होता. शिक्षकाने थांबायला शिकलं पाहिजे, असं आमच्या पुस्तकात चक्क छापलंय."

मग म्हणाली, "मी फ्रिजच्या बाजूला उभी असायचे. सतराच्या पाढ्याला."

"कधी?"

"चौथीत. रोज. बाबांची किल्ली दारात वाजली की तू 'बस आता' म्हणायचीस."

मला हे आठवत नाही. फ्रिज आठवतो. तेव्हा आमच्याकडे तो नवा होता, त्याच्या दाराला मी हात पुसल्याशिवाय कोणाला हात लावू देत नसे.

"आणि सतराचा पाढा आज येतो की नाही तुला?"

"येतो."

"मग?"

"मग काही नाही, आई. गोळ्या घेतल्यास का वेळेवर?"

दारावरची घंटा वाजली. सात मिनिटं झाली होती.

ह्यांना विचारलं, मी तिला उभं करायची का. हे शब्दकोडं सोडवत होते. म्हणाले, "मी घरी यायचो तेव्हा ती बसलेलीच असायची." मग म्हणाले, "किल्ली मी मुद्दाम दोनदा फिरवायचो."

"ती का?"

"कुलूप जड होतं," म्हणाले आणि आडवा सहा अक्षरी शब्द शोधायला लागले.

आमचं कुलूप कधीही जड नव्हतं.

बुधवार, १७ सप्टेंबर

मसुदा तीनदा लिहिला. चौदा मिनिटांपाशी वाक्य अडतं.

या लोकांना उभं राहणं म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून त्यांना त्याची एवढी धास्ती. आमच्या शाळेत सिस्टर आम्हाला उभं करत. ओरडणं नाही, मारणं नाही. फक्त पट्टीने लादी दाखवायच्या. माझी लादी दारापासून तिसरी. कोपऱ्यात तिचा टवका उडालेला होता, पानाच्या आकाराचा. मेणाच्या पॉलिशचा वास यायचा. पहिल्यांदा उभी राहिले ती अख्खा तास, आणि घंटा झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या मुली बाजूने गेल्या, तरी उभीच. त्यानेच मी घडले. आजही कोणासमोर माझा आवाज कापत नाही.

हे पत्रात घालावं म्हणून आठवायला बसले. सिस्टरांचा प्रश्न काय होता, ते काही केल्या आठवेना. लादी आठवते, वास आठवतो, पायमोज्याचं रबर पोटरीत रुतलेलं आठवतं. प्रश्न आठवत नाही. उत्तर तर नाहीच.

वयामुळे असेल.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

फेरपाठ चोवीस तारखेला. वर्ग तोच, पाचवी ब. बदलून मागितला होता, मिळाला नाही. आज मुलांची उजळणी पाहायला शाळेत गेले. खिडकीकडच्या ओळीत सव्वीस नंबरची जागा रिकामी होती. पट आजचा अडतीस, हजर अडतीस, बसलेली सदतीस. असले हिशेब माझ्या नजरेतून सुटत नाहीत. वर्गशिक्षिकेला गाठलं.

"आहे की, आलीय. वाचनालयात बसवते तिला. पाठ असले की."

"रोज असतात पाठ."

"म्हणून रोज." सुई टाक्यातून निघाली. "तुमच्याच सोयीसाठी, मॅडम. आता कोणाला ती नकोच असते वर्गात. काय बोलेल याचा नेम नाही. परवा तर एका सरांनी पाठाआधी येऊन विचारलं, ती सव्वीस नंबर आत नाही ना?"

वाचनालय म्हणजे जिन्याखालची खोली. दोन कपाटं, एक लांब टेबल. सव्वीस नंबर तिथे एकटी बसून पट्टीने रेघा आखत होती आणि कात्रीने कागद कापत होती. समोर पांढऱ्या पट्ट्यांच्या गड्ड्या, रबर लावलेल्या. मी दारात दिसताच ती उभी राहिली.

"बस," मी म्हटलं.

बसली नाही.

"काय करतेस?"

"चिठ्ठ्या. सगळ्यांच्या मीच कापते आता. बाई म्हणतात माझ्या सरळ येतात." एक गड्डी पुढे सरकवली. "ह्या तुमच्या आहेत. बुधवारच्या."

मी मुलांच्या बाकावर बसले. गुडघा वाजला, तिने त्याकडे पाहिलं. ती अजून उभीच, त्यामुळे आमची डोकी एका उंचीवर आली.

"तुला त्या दिवशी उत्तर येत होतं का?"

"तेव्हा नव्हतं येत."

म्हणजे तेही माझं चुकलं.

"घरी जाऊन बघितलं मी. आईची दोन फडकी घेतली. घडीतल्याला आतून हवाच लागत नाही. मग पाणी कुठून जाणार? बाहेरचं बाहेरच वाळतं. मी घडी उघडली, तर आत ओलंच." हे बोलताना तिने हातातला कागद घडी घालून उघडून दाखवला.

"बरोबर," मी म्हटलं. "पण पूर्ण वाक्यात सांगायचं. 'घडी घातलेल्या रुमालाच्या आतील भागास हवा लागत नाही, म्हणून...'"

तिने माझ्यामागून ते वाक्य म्हटलं, शब्द न शब्द. आवाज मात्र बदलला. तो वर्गातला झाला.

निघताना मी विचारलं, सहजच विचारलं, "त्या दिवशी फार वेळ उभी राहिलीस का गं?"

"अकरा आठला उठले. अकरा बावीसला सरांनी बसवलं."

"तुला काय ठाऊक?"

"समोरच घड्याळ होतं, बाई."

फळ्याच्या वर. मी ताडून पाहिलेलं. पाठभर माझ्या पाठीमागे असलेलं.

बुधवार, २४ सप्टेंबर

फेरपाठ झाला. शेरा: 'उत्तम. प्रश्नोत्तरे जिवंत. वर्गावर ताबा चांगला.' इस्त्री सर हसून म्हणाले, "बघा बाई, जमलं की नाही? मागचं विसरून जा आता."

काल पाठ मुरवताना सव्वीस नंबरने दिलेली गड्डी सोडली. बारा मागितल्या होत्या, तेरा निघाल्या. तेरावीवर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने '२६' लिहिलं होतं, खाली दोन रेघा आखलेल्या होत्या, प्रश्नाची आणि उत्तराची, आणि दोन्ही कोऱ्या. मोजण्यात चूक झाली असेल, गड्डी ओळखायला खूण केली असेल, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली. बारा भरल्या, वाटल्या. मुलांनी हात वर केले. मी रुमाल झटकला. पहिल्या बाकावरच्याने मान डोलावली, ठीक झालं म्हणून.

घडीच्या रुमालाचा प्रश्न सतरा नंबरला होता. त्याने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. 'आतील भागास.'

खिडकीकडची जागा रिकामी होती आणि मागून ती कोणालाही रिकामी वाटली नसती, कारण वर्गशिक्षिकेने तिथे दप्तरं रचून ठेवली होती.

चावरीने बाहेर मिठीच मारली. "सुटलात मावशी. आता गप्प बसा हं, तुम्हाला माझी शपथ. ते पत्रबित्र फाडून टाका."

"कोणी सांगितलं तुला पत्राचं?"

"तुमचं तोंड. गेले पंधरा दिवस तुम्ही चालता चालता मुद्दे मोजताय."

घरी ह्यांनी विचारलं, काय झालं. उत्तीर्ण, म्हटलं. "मग चेहरा असा का?" म्हणाले. चेहऱ्याला काय झालंय, म्हटलं. पेपर वर गेला नाही. हे माझ्याकडेच बघत राहिले, ते मला जास्त जड गेलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सकाळी नव्याने लिहायला बसले आणि एका बैठकीत पुरं केलं. ह्यांना वाचायला दिलं. ह्यांनी चष्मा बदलून दोनदा वाचलं.

"हे दिलंस तर काढतील तुला."

"काढतील."

"मग फेरपाठ कशाला दिलास? आधीच द्यायचं."

"नापास झालेल्या बाईने लिहिलं की ती कुरकुर होते. उत्तीर्ण बाईच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं."

"आणि खडू? मुद्दा एकमध्ये खडू होता ना?"

"पान पुरलं नाही."

ह्यांनी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. लिफाफा स्वतः चिकटवला, कडा जुळवून, नकाशा चिकटवावा तसा. मग म्हणाले, "रविवारी लेकीला वाचून दाखव."

"तिच्याकडे दारावरची घंटा वाजते."

"वाजू दे. मीच तिकडची घंटा वाजवायला येऊ का म्हणून विचार तिला."

हा विनोद होता की काय, कळलं नाही. दुपारी स्वतः जाऊन पत्र दिलं, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आवक क्रमांक चारशे अकरा, वेळ दोन वाजून पाच मिनिटं. कारकुनाने शिक्का उलटा मारला, तो सुलटा मारायला लावला. माझ्याजवळच्या प्रतीवरून इथे उतरवते, म्हणजे हरवलं तर कुठे हरवलं ते सांगता येईल.

'मा. प्राचार्या यांस,

विषय: पाचवी ब मधील हजेरी क्रमांक सव्वीस.

मी आपल्या विद्यालयाची प्रशिक्षणार्थी आहे. दि. ९ व २४ सप्टेंबर रोजी मी उक्त वर्गावर एकच पाठ दोनदा दिला. दोन्ही वेळी आदल्या दिवशी बारा विद्यार्थ्यांना उत्तरे लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठ्यांवरील अक्षर माझे आहे. ही पद्धत शाळेत सर्वज्ञात असून ती मी सुरू केलेली नाही, मात्र मोडलीही नाही. २४ तारखेचा 'उत्तम' हा शेरा त्या चिठ्ठ्यांना मिळालेला असल्याने तो माझ्या नावे ठेवू नये.

दि. ९ रोजी संपूर्ण पाठात विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाच प्रश्नाला खरे उत्तर मिळाले. "मला चिठ्ठी दिली नाही" हे ते उत्तर होय. ते बरोबर असून तसे नोंदवावे. या उत्तराबद्दल सदर विद्यार्थिनीस तेव्हापासून वर्गाबाहेर जिन्याखालच्या खोलीत बसवण्यात येते व तिच्याकडून चिठ्ठ्यांचे कागद कापून घेतले जातात. हे कोणाच्या आदेशाने होते, ते कळवावे. तिला तिच्या जागेवर, म्हणजे खिडकीकडील ओळीत तिसऱ्या बाकावर, बसवल्याचे कळवावे. तेथील दप्तरे हलवावीत.

तिला उभे ठेवल्याच्या कालावधीबाबत: माझ्या म्हणण्याप्रमाणे तो सहा मिनिटे होता व मार्गदर्शकांच्या शेऱ्याप्रमाणे चौदा. फळ्यावरील घड्याळ मला दिसत नव्हते. ज्या व्यक्तीला ते दिसत होते तिच्याकडून खात्री करून घेतली आहे. चौदा ग्राह्य धरावीत.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. तीवर क्रमांक सव्वीस लिहिलेला असून प्रश्न व उत्तर या दोन्ही जागा कोऱ्या आहेत. त्या भरण्याची जबाबदारी कोणाची होती, याचा खुलासा व्हावा.

माझ्याबाबत जो निर्णय व्हायचा तो व्हावा, त्यासाठी मी थांबेन. वरील विद्यार्थिनीबाबत थांबता येणार नाही. या पत्राचे लेखी उत्तर, जावक क्रमांकासह, मंगळवार, दि. ३० सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजून आठ मिनिटांच्या आत मिळावे. तोंडी खुलासा स्वीकारला जाणार नाही.'